दोन चित्रांचे एक, वीस चित्रांचे एक

अजिंठा गाव सिल्लोड तालुक्यात असले, तरी अजिंठ्याची लेणी आमच्या सोयगाव तालुक्यात, फर्दापूरजवळ वाघूर नदीच्या वळणावर आहेत. कॅमेऱ्याच्या इतिहासातले एक पान याच वळणावर लिहिले गेले.

रॉबर्ट गिल हा मद्रास सैन्यातला अधिकारी. कंपनी सरकारने १८४४ साली त्याला भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमले. गिल आणि पारोची कथा आमच्याच तालुक्यातल्या पळसखेड्याच्या ना. धों. महानोरांच्या दीर्घकवितेमुळे मराठी घरांत पोहोचली. गिलचा कॅमेरा मात्र फारसा कुणाला ठाऊक नाही. त्याच्या बहुतेक रंगीत नकला १८६६ च्या डिसेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. त्याची छायाचित्रे १८६४ सालीच पुस्तकांतून छापली गेली होती, म्हणून ती वाचली.

त्यांत जोडचित्रे होती. दोन डोळ्यांत जेवढे अंतर, साधारण तेवढ्या फरकाने एकाच जागेची दोन छायाचित्रे घ्यायची आणि भिंगांच्या पेटीतून ती एकत्र पाहायची. मग सपाट कागदावर खांबामागचा खांब वेगळा उभा राहतो. एका चित्रात जे मावत नाही ते दोघांत वाटून द्यायचे, ही युक्ती दीडशे वर्षांहून जुनी आहे.

पण भिंतीवरचे रंग त्या काळच्या काचेला झेपत नव्हते. तिच्यावरचे रसायन निळा प्रकाश चटकन घेई, तांबडा आणि पिवळा जवळपास घेतच नसे. अजिंठ्याची चित्रे तर गेरूने भरलेली. शिवाय ओली काच वाळायच्या आत काम उरकायचे, आणि आत अंधार!

आज माझा भाचा कपाशीच्या फुलातल्या किड्याचे छायाचित्र घेतो, तेव्हा अडचण वेगळी असते. किडा जेवढा आहे तेवढाच पडद्यावर आणला, की मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात एफ-८ ला जेमतेम एक मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. डोळा साधला तर पाय धूसर. ॲपर्चर एफ-२२ पर्यंत बारीक केले तर स्पष्ट भाग वाढतो, पण अरुंद छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि सारेच चित्र मऊ पडते. म्हणून ॲपर्चर एफ-८च्या आसपास ठेवायचे आणि फोकस थोडा थोडा पुढे सरकवत बरीच छायाचित्रे घ्यायची. एक सेंटिमीटर खोलीसाठी पंधरा-वीस लागतात. प्रत्येकाची कड आधीच्यावर थोडी चढली पाहिजे. नाहीतर मध्ये धूसर पट्टा राहतो. मग संगणक प्रत्येकातला स्पष्ट भाग उचलून एक चित्र करतो. यालाच फोकस स्टॅकिंग म्हणतात.

यात फोकस सोडून काहीही बदलू द्यायचे नाही. ॲपर्चर, शटर, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स हाताने ठरवून कायम ठेवायचे. आयएसओ शंभरच्या आसपास असले, की चित्रात दाणे दिसत नाहीत. कॅमेरा ट्रायपॉडवर हवा, आणि हाताचा धक्का नको म्हणून टायमर लावायचा. ऑटोवर सोडलात तर एक चित्र उजळ, दुसरे काळपट येते. वाऱ्याने फूल हलले, तरी जोड फसतो.

काही जण म्हणतात, असे चित्र कोणत्याच एका क्षणी अस्तित्वात नव्हते, मग ते खरे कसे? मला वाटते, आपला डोळाही असेच करतो. तो एका नजरेत सगळे पाहत नाही; आधी चेहरा, मग हात, मग मागची भिंत, आणि मन त्याचे एक चित्र करते. नियम एकच : नसलेले काही घालायचे नाही, असलेले काही गाळायचे नाही.

लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण उजेड मारल्याशिवायही काम होते. बिनॉय बहल यांनी १९९१ मध्ये तिथल्या अंधुक प्रकाशातच, शटर दीर्घकाळ उघडे ठेवून चित्रे टिपली. स्थिर भिंत वाट पाहू देते. फुलातला किडा देत नाही.

पण ती भिंतही कायमची नाही. गिलने पाहिलेले सगळे रंग आज तिथे नाहीत. रंगाचा सुटू पाहणारा पापुद्रा किती उचलला गेला आहे, हे दाखवायला त्याची कडही स्पष्ट हवी आणि मागचा गिलावाही. अशा नोंदीसाठी वीस चित्रांचे एक करण्याचा खटाटोप सार्थकी लागतो. गिलच्या जळालेल्या नकला परत येणार नाहीत. पण आज भिंतीवर जे उरले आहे, ते कडेपासून तळापर्यंत स्पष्ट टिपून ठेवणे आपल्या हातात आहे.