पनवेलची वाट आणि सैन्याचा शिधा

गेल्या हिवाळ्यांत आम्ही कांहीं मित्र पनवेलजवळील कर्नाळ्याचा किल्ला पाहण्यास गेलों होतों. दुपारीं सुळक्याच्या सावलींत फराळास बसलों, तेव्हां एका तरुण सोबत्यानें पोळीभाजीच्या डब्याऐवजीं रुपेरी वेष्टनाच्या बंद पिशव्या काढल्या. ऊन पाण्यांत कांहीं वेळ ठेवून त्या फोडल्या, तों आंत मसालेभात! “आघाडीवरचे शिपाई असेंच खातात,” असें तो मोठ्या ऐटीनें म्हणाला. भात बरा होता. मीठ मात्र अंमळ जास्त. परंतु पनवेलच्या दिशेनें दृष्टि गेली आणि याच वाटेनें गेलेल्या एका सैन्याच्या शिध्याची हकीकत आम्हांस आठवली.

राघोबादादांस पुण्यास नेऊन बसविण्याकरितां मुंबईकर इंग्रजांची फौज नोव्हेंबर 1778 मध्यें पनवेलाकडे उतरली व बोरघाटाच्या वाटेस लागली. लढणारीं माणसें सुमारें 3,900. पण तोफा, दारूगोळा, तंबू आणि धान्य वाहण्यास बैल मात्र सुमारें 19,000! एवढें लटांबर पाठीशीं घेऊन हें सैन्य गोगलगायीच्या गतीनें सरकत राहिलें. 9 जानेवारी 1779 रोजीं तें तळेगांवास पोंचलें, तेव्हां मराठ्यांनीं तें गांव आधींच जाळून टाकलें होतें. शत्रूच्या हातीं दाणावैरण लागूं द्यावयाची नाहीं हा त्यांचा निश्चय. दोनच दिवसांनीं रात्रीच्या अंधारांत इंग्रजांनीं जड तोफा तळ्यांत लोटल्या, उरल्या सांठ्यास आग लावली आणि पाय मागें घेतला. पुढें वडगांवीं त्यांस तह पत्करावा लागला. या विजयाबद्दल महादजी शिंद्यांचें आपण कौतुक करतों, आणि तें योग्यच आहे. परंतु तळेगांवच्या ज्या कुणब्यांचीं पेवें व कणग्या त्या राजकारणांत गेल्या, त्यांची आठवण कितीजण काढतात?

सैन्याचें अन्न हलकें व टिकाऊ कसें करावें, हा प्रश्न पुढें युरोपासही पडला. फ्रान्समध्यें निकोलास आपेर यानें हवाबंद बाटलींत अन्न उकळून टिकविण्याची युक्ति शोधली व 1810 सालीं सरकारांतून 12,000 फ्रँकांचें बक्षीस मिळविलें. त्याच वर्षीं इंग्लंडांत पत्र्याच्या डब्याचें पेटंट निघालें. आरमार आणि पलटणी यांच्यासाठीं निघालेला हा डबा हळूहळू गृहस्थाच्या फडताळांतही येऊन बसला.

याच पनवेलच्या परिसरांत, कर्नाळ्याच्या पायथ्याशीं असलेल्या शिरढोण गांवीं, 1845 सालीं वासुदेव बळवंत फडके जन्मले. त्यांची नोकरी पुण्यास लष्करी हिशेबाच्या कचेरींत होती. शिपायाच्या रसदेचा जमाखर्च ठेवणारें तें खातें. 1876–77 सालीं दुष्काळ पडला, तेव्हां दुसरें एक माप लोकांनीं पाहिलें. दुष्काळी कामावरील मजुराची मजुरी सर रिचर्ड टेम्पल यांच्या सल्ल्यानें दिवसास एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली गेली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्याविरुद्ध गाऱ्हाणें मांडलें. फडके यांनीं 1879 सालीं बंडाचा मार्ग धरला आणि 1883 सालीं एडनच्या तुरुंगांत त्यांचा अंत झाला. शिपायास पोटभर आणि खडी फोडणारास पौंडभर, हा त्या राज्याचा न्याय होता.

स्वराज्य आल्यावर म्हैसूर येथें 1961 सालीं सैन्याच्या अन्नासाठीं प्रयोगशाळा निघाली. शिजविलेलें अन्न पदरी वेष्टनांत बंद करून दाबाखालीं सुमारें 121 अंश उष्णता द्यावयाची, म्हणजे तें थंड पेटीवांचून महिनोन्महिने टिकतें. ही कृति तेथें आपल्या पदार्थांस लागू करण्यांत आली व पुढें खासगी कारखानदारांसही शिकविली गेली. आमच्या सोबत्याची पिशवी ती याच वंशांतली.

आम्हांस तो भात गंमत म्हणून मिळाला. घरीं परततांच ताजें जेवण वाट पाहत होतें. परंतु महापुरांत छपरावर अडकलेल्या कुटुंबास अशीच पिशवी मिळते, तेव्हां मिठाच्या कमीजास्तीची चर्चा कोणी करीत नाहीं. उतरतांना रिकाम्या पिशव्या आम्ही गोळा करून बरोबर घेतल्या. वाटेवर शिरढोण लागलें, तेव्हां ऐट मिरविणाऱ्या आमच्या सोबत्यास ही सारी हकीकत सांगितली. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं.