माती बेलापूरची, ज्ञान कोणाचे?

बेलापूर म्हटले की हल्ली लोकांच्या डोळ्यांपुढे नवी मुंबईतील उंच इमारती उभ्या राहतात. आमचे बेलापूर ते नव्हे. आमचे बेलापूर प्रवरेकाठचे, अहिल्यानगर जिल्ह्याच्या श्रीरामपूर तालुक्यातले. या गावाचे नाव रेल्वेने उचलले आणि श्रीरामपूरच्या स्टेशनाला दिले. साखर कंपनीने उचलले आणि हरेगावच्या कारखान्याला दिले. गाव मात्र होते तिथेच राहिले. अशा गावात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते. वस्तू आपली असते, पण तिची नोंद दुसऱ्याच्या दप्तरात होते. नावाच्या बाबतीत हे हसून सोडून देता येते. ज्ञानाच्या बाबतीत ते तसे सोडून देता येईल असे मला वाटत नाही, आणि म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रवरेवरील भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. कालव्यांचे पाणी आले, बाजरी-ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला. परंतु दख्खनच्या काळ्या मातीचा स्वभाव मोठा मानी. तिला पाणी बेताने द्यावे लागते. बेताबाहेर दिले तर ते खाली मुरून साठते, जमिनीतल्या पाण्याची पातळी वर चढते, आणि त्या पाण्यात विरघळलेले क्षार उन्हाबरोबर पृष्ठभागावर येऊन बसतात. सोन्यासारखे रान आधी चिबडते, मग खारवते आणि शेवटी चोपण होऊन पडते. प्रवरेकाठच्या शेतकऱ्याला हे कोणी पुस्तकातून शिकवावे लागले नाही. पायाखालची ढेकळे फुटेनाशी झाली की तो काय ते समजतो.

पण ते का होते, कोणत्या मातीत लवकर होते आणि कोणत्या मातीत उशिरा, याचा शोध शास्त्रज्ञांनीच घेतला. नीरेच्या खोऱ्यातील खारवट जमिनींवर हॅरॉल्ड मॅन आणि ताम्हणे या दोघांनी १९१० साली मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यातर्फे एक पुस्तिका काढली. पुढे १९३२ साली पाडेगावला ऊस संशोधन केंद्र स्थापन झाले. तेथील बसू आणि सिरूर यांनी नीरा उजवा कालवा व प्रवरा कालवे यांखालील मातीची पाहणी करून तिचे वर्गीकरण केले. त्यांचा साठ पानांचा निबंध १९३८ साली भारतीय कृषिसंशोधन परिषदेच्या नियतकालिकात छापला गेला. आमच्या शिवारांचा खरा शास्त्रीय इतिहास लिहावयास बसलो, तर त्याचे पहिले प्रकरण म्हणून मी हाच निबंध घेईन.

आता वाचकांनी क्षणभर विचार करावा. माती आमची, खड्डे आमच्या रानांत खणले गेले, खर्च सरकारचा म्हणजे पर्यायाने रयतेचा. निबंध मात्र इंग्रजीत, आणि नियतकालिक मोठ्या ग्रंथालयांच्या फडताळात. ज्याच्या रानाचे निदान त्यात लिहिले होते, त्या शेतकऱ्याच्या हाती ते कधी पडण्याचा संभवच नव्हता. यात कोणाचा दुष्टावा होता असे मी म्हणत नाही. शास्त्रज्ञ शास्त्रज्ञांसाठी लिहीत, ही तेव्हाची रीतच होती. ती कशी पडली हे पाहण्यासाठी जरा मागे जावे लागते.

१६६५ साली, दोन महिन्यांच्या अंतराने, पॅरिसला एक आणि लंडनला एक अशी दोन विद्वत्तापूर्ण नियतकालिके निघाली. लंडनचे नियतकालिक रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी काढले. त्यापूर्वी शोध लागला की विद्वान मंडळी तो खासगी पत्रांतून एकमेकांना कळवीत, किंवा दुसऱ्याने चोरू नये म्हणून दडवून ठेवीत. नियतकालिकाने एक मोठा सौदा घडवून आणला: तू आपले ज्ञान सर्वांपुढे मांड, आम्ही त्यावर तुझे नाव आणि तारीख घालतो. सौदा मोठा सुंदर होता. शोध लावणाऱ्याला श्रेय मिळे आणि जगाला शोध मिळे.

आजही शोधनिबंधाची वाट तीच आहे. लेखक आपला निबंध संपादकाकडे धाडतो. संपादकाला तो दखल घेण्याजोगा वाटला, तर त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे तो परीक्षणासाठी जातो. परीक्षक शंका काढतात, लेखक उत्तरे देतो, आकडे पुन्हा तपासतो, कधी नवा प्रयोग करतो. एवढे सोपस्कार होऊन निबंध छापला जातो किंवा साभार परत येतो. या साऱ्या व्यवहारात लेखकाला मानधन नाही आणि परीक्षकालाही बहुधा नाही. विद्येच्या व्यवहारात ते कोणी मागतही नाही.

मग पैसा आला कोठून? तो दुसऱ्या महायुद्धानंतर आला. विज्ञानाचा पसारा वाढला, नियतकालिके शेकड्यांनी निघाली, आणि त्यांतली बरीचशी विद्वत्सभांच्या हातून व्यापारी प्रकाशकांच्या हाती गेली. या धंद्याची गंमत अशी की कच्चा माल फुकट, पारख करणारे फुकट, आणि गिऱ्हाईक असे की त्याला दुसरे दुकान नाही. एका नियतकालिकातला निबंध दुसऱ्यात मिळत नसतो, त्यामुळे ग्रंथालयाला मागाल ती किंमत मोजावी लागते. विद्यापीठाने पगार द्यावा, प्राध्यापकाने निबंध लिहावा, तो फुकट देऊन टाकावा आणि त्याच विद्यापीठाने तो पुन्हा विकत घ्यावा, असा हा उफराटा व्यवहार कित्येक वर्षे बिनतक्रार चालला.

मोठ्या संस्थांबाहेरच्या माणसाची यात काय गत होई, याचे उदाहरण आमच्या शेजारच्याच नाशिक जिल्ह्यात आहे. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांना संख्यांचा नाद होता. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक मोठ्याकडून लहानाकडे व लहानाकडून मोठ्याकडे मांडून वजाबाकी करा. येणाऱ्या उत्तरावर तोच संस्कार पुन्हा करा. फार तर सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ या संख्येपाशी येऊन थांबता. ३५२४ घेतली तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. हा शोध त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत सांगितला. पुढे न्यूयॉर्कच्या एका नियतकालिकात त्यावर टिपण छापून आले. पण त्यांचे बरेचसे काम लहान लहान पुस्तिकांतून पदरमोड करून छापलेले आहे. अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली त्यांच्याविषयी लिहिले आणि मग जगाला कापरेकर ठाऊक झाले. मास्तरांच्या अंगी चिकाटी होती म्हणून त्यांचे काम टिकले. असे किती मास्तर पुस्तिकांसह वाळवीच्या मुखी पडले असतील, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

इंटरनेट आले आणि छपाईचा, टपालाचा खर्च जवळजवळ नाहीसा झाला. १९९१ साली अमेरिकेत भौतिकशास्त्रज्ञांसाठी एक भांडार निघाले. निबंध लिहून झाला की तो तेथे ठेवावा आणि ज्याला हवा त्याने वाचावा, अशी त्याची साधी रीत होती. २००२ साली बुडापेस्टच्या जाहीरनाम्याने या रीतीला नाव आणि तत्त्व दिले. शोधनिबंध वाचण्यास, उतरून घेण्यास, वाटण्यास सर्वांना मोकळे असावेत. लेखकाचा हक्क एवढाच की त्याचे नाव राहावे आणि त्याच्या लेखनाची मोडतोड होऊ नये. मराठीत याला मुक्त प्रवेश म्हणतात.

महाराष्ट्राला अभिमान वाटावा असे काम याच सुमारास मुंबईत झाले. सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालय येथील अध्यापकमंडळ १९५५ पासून एक वैद्यकीय नियतकालिक चालवीत आले आहे. शतक पालटण्याच्या सुमारास ते इंटरनेटवर सर्वांना मोकळे झाले. छापील अंकाची वर्गणी चालू राहिली आणि लेखकाकडूनही पैसे घेतले नाहीत. डॉ. डी. के. साहू यांच्या मेडनो या मुंबईच्या संस्थेने हीच रीत भारतातील अनेक वैद्यकीय नियतकालिकांना लावून दिली. फुकट वाटल्याने वर्गणी बुडते, ही भीती खरी नसल्याचे या प्रयोगाने दाखवून दिले. २०११ साली मात्र ही संस्था एका परदेशी प्रकाशनसमूहाने विकत घेतली. चांगले झाड वाढले की त्याच्या सावलीत दुकान लागायचेच.

आणि दुकान लागलेच. वाचकाकडून पैसे घ्यायचे नाहीत ना, मग लेखकाकडून घेऊ, अशी तोड निघाली. २००३ साली सुरू झालेल्या एका नामांकित मुक्त नियतकालिकाने दर निबंधामागे १,५०० डॉलर ठेवले होते. २०२० च्या अखेरीस ‘नेचर’ने मुक्त प्रकाशनासाठी ९,५०० युरो जाहीर केले. आमच्याकडच्या ग्रामीण महाविद्यालयातील अध्यापकाला ही रक्कम उच्चारतानाही धाप लागेल. पूर्वी कुलूप वाचकाच्या दाराला होते, ते आता लेखकाच्या दाराला लागले.

जेथे पैसे देऊन छापता येते, तेथे पैसे घेऊन काहीही छापणारेही निघतात. अध्यापकांच्या बढतीला निबंधांचे गुण लागू झाले, पीएच.डी.साठी निबंध सक्तीचा झाला, आणि भोंदू नियतकालिकांचे पेव फुटले. ‘आपल्या विद्वत्तेने आम्ही भारावलो आहोत, तीन दिवसांत निबंध छापू, सोबत एवढी रक्कम पाठवा’ अशी पत्रे मलाही येतात. त्यांत परीक्षण नसते, शंका नसते, फक्त पावती असते. पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीची छाननी केली. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या ज्या नियतकालिकांची त्यांनी तपासणी केली, त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक दर्जाच्या कसोटीला उतरली नाहीत. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली. पुढे पुणे विद्यापीठात केंद्र ठेवून नवी यादी केली गेली. २०२५ साली तीही बंद करून निवडीची जबाबदारी विद्यापीठांवर सोपविण्यात आली. विशेष हे की, पटवर्धनांचा निबंध ज्या ‘करंट सायन्स’मध्ये आला, ते बंगलोरचे नियतकालिक १९३२ पासूनचे आणि सर्वांना मोकळे. ‘मुक्त’ आणि ‘भोंदू’ हे समानार्थी शब्द नव्हेत, हे यावरून ध्यानी यावे.

१ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना चालू केली आहे. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. सरकारी संस्थांतील विद्यार्थी व संशोधक यांची यामुळे मोठी सोय झाली, यात शंका नाही. परंतु सोय आणि मुक्ती यांत फरक आहे. ही आपण घेतलेली भाड्याची किल्ली आहे. सरकारी संस्थेच्या बाहेरचा कापरेकर आजही दाराबाहेरच उभा आहे, आणि शेतकरी त्याच्याही मागे.

आमच्या गावापासून राहुरी लांब नाही. तेथे कृषी विद्यापीठ झाले, त्याला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. विद्या शेतकऱ्याच्या दारी गेली पाहिजे असे ज्यांनी आयुष्यभर सांगितले, त्यांचे नाव धारण करणे ही केवळ शोभा नव्हे, तो एक करार आहे. विद्यापीठांतून उसाच्या जातींवर, चोपण जमिनींवर, पाण्याच्या पाळ्यांवर निबंध होतच असतात. शेतकऱ्यांसाठी मराठी मासिके आहेत, मेळावे भरतात. त्यांत शिफारस मिळते, पण शिफारशीमागचा पुरावा मिळत नाही. ‘एवढे पाणी द्या’ हे कळते. का द्यावे आणि कोणत्या मातीवर तपासले हे कळत नाही. ज्याला पुरावा मिळत नाही, त्याने केवळ विश्वास ठेवायचा.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. रयतेच्या पैशाने झालेल्या संशोधनाचा निबंध रयतेला मोकळा असावा. तो छापून आणण्यासाठी संशोधकाला आपला खिसा रिकामा करावा लागू नये. केईएमच्या डॉक्टरांनी जे करून दाखविले ते विद्यापीठांना अशक्य नाही. आणि प्रत्येक निबंधाला, निदान मातीवरच्या आणि पिकावरच्या निबंधाला, एक पानभर मराठी सारांश जोडावा, ज्यात कोणत्या गावच्या कोणत्या जमिनीवर काय आढळले हे साध्या शब्दांत सांगितलेले असावे. किमतीचे कुलूप काढले आणि भाषेचे तसेच ठेवले, तर दार उघडले असे आमच्याकडे कोणी म्हणणार नाही.

ओल्डेनबर्गच्या सौद्यात दोनच पक्ष होते, शोधक आणि विद्वान जग. ज्याच्या रानात खड्डा खणला तो तिसरा पक्ष त्यात कधी धरलाच गेला नाही. साडेतीनशे वर्षांनी हा करार दुरुस्त करावयाचा, तर त्या तिसऱ्याची सही घेतल्यावाचून तो पुरा होणार नाही.