घटिकापात्र आणि संगणकाचें घड्याळ

छत्रपती संभाजीनगरांतील पुंडलिकनगर ग्रीनिचच्या पूर्वेस सुमारें साडेपंचाहत्तर अंशांच्या आंतच आहे. भारतीय प्रमाणवेळ मात्र साडेब्याऐंशी अंशांची. म्हणून तेथें घड्याळांत बारा वाजल्यावर सरासरीनें सुमारें अठ्ठावीस मिनिटांनीं सूर्य माध्यान्हीं येतो. ही वेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली. मुंबईनें तर आपली निराळी वेळ पुढेंहि अनेक वर्षें सोडली नाहीं. परंतु कोणती वेळ पाळावी या वादाहून, ती थोडक्या खर्चांत कशी पाळावी, हा प्रश्न पुष्कळच जुना आहे.

लग्नघरीं भटजी पाण्यांत सोडीत तें घटिकापात्र म्हणजे बुडाशीं बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी. ती २४ मिनिटांत भरून बुडे. तीच एक घटिका, म्हणजे ६० पळें. छिद्रांत कचरा अडके आणि पळें चुकत. तरीहि मोजणी दररोज सूर्योदयापासून नव्यानें होत असल्यानें आजची चूक उद्यांवर जात नसे. खरी युक्ति वाटींत नव्हतीच.

समुद्रावर ही गोष्ट जिवावर बेते. घड्याळ चार सेकंद चुकलें कीं विषुववृत्तापाशीं जहाजाचें स्थान एक सागरी मैल चुकतें. ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ मध्यें कुलाब्यास वेधशाळा उभारली, ती वेध आणि कालगणना यांसाठींच. जहाजावरील घड्याळ कितीहि मोलाचें असो, त्यासहि आकाशाशीं ताळा घ्यावाच लागे.

संगणकांत आज गारेचा एक स्फटिक सेकंदास ३२,७६८ वेळां कंप पावतो. यंत्र बंद असतां नाण्याएवढा सेल त्याला चालवितो. दहा लाखांत वीस भागांची चूक म्हणजे दिवसास पावणेदोन सेकंद. असा स्फटिक सुमारें २५ अंशांवर सर्वांत जलद चालतो. मराठवाड्याच्या ४० अंशांच्या उन्हाळ्यांत तो दिवसाकाठीं आणखी अर्ध्या सेकंदाहून अधिक मागें पडतो. सेल संपला तर यंत्र कित्येक वर्षें मागें जातें आणि बँकेचें सुरक्षित पानहि उघडत नाहीं. उपाय काय, तर थोड्या रुपयांचा नवा सेल.

महाग स्फटिक घेण्यापेक्षां डेव्हिड मिल्स या अमेरिकन संशोधकाची रीत स्वस्त. त्यानें १९८५ मध्यें जाळ्यावरून वेळ जुळविण्याचे नियम प्रसिद्ध केले. संगणक दूरच्या घड्याळास वेळ विचारतो, जाण्यायेण्यास लागलेला काळ मोजून त्याचा निम्मा भाग हिशेबांत धरतो, आणि आपली चाल हळूहळू सुधारतो. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंतील आण्विक घड्याळांची वेळ अशी घरबसल्या मिळते. जेथें जाळें नाहीं, तेथें उपग्रहाची वेळ घेणारें लहानसें यंत्र पुरतें.

कोणाच्या खात्यांतून पैसे गेले, तर आधीं काय घडलें व नंतर काय, हें अनेक यंत्रांच्या नोंदींवरूनच कळावयाचें. म्हणूनच २८ एप्रिल २०२२ रोजीं केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेनें सेवा देणाऱ्या कंपन्यांना आपलीं घड्याळें सरकारी वेळेशीं जुळविण्याचा आदेश दिला. मात्र जाण्याची वाट मोकळी आणि येण्याची तुंबलेली असेल, तर निम्म्याचा हिशेब फसतो. म्हणून जाणते लोक एकाच घड्याळावर न विसंबतां तीनचारांस विचारतात.