उसन्या नावाचा वारस

बॅटमॅनचा पोरसवदा साथीदार रॉबिन मोठा होऊन नाइटविंग झाला, हे कॉमिक्स वाचणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असतं. पण नाइटविंग हे नाव त्याच्याआधी खुद्द सुपरमॅनने वापरलं होतं, आणि तेही बॅटमॅनची नक्कल करताना! मला या सगळ्या कुळकथेत यापेक्षा गमतीचं काही दिसत नाही.

आधी रॉबिनचं उरकून घेऊ. एप्रिल १९४० च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या ३८ व्या अंकात तो अवतरला. लेखक बिल फिंगरची अडचण साधी होती: बॅटमॅनला बोलायला कोणी नव्हतं. होम्सला वॉटसन असतो, तसा त्याला सर्कशीतला अनाथ डिक ग्रेसन मिळाला. खप जवळजवळ दुप्पट झाला आणि १९४१ मध्ये कॅप्टन अमेरिकेला बकी, ग्रीन ॲरोला स्पीडी असे साथीदार चिकटले.

रॉबिन या नावावरून मात्र वाद आहे. पुढच्या काही कथांनी ते रॉबिन पक्ष्याशी जोडलं: पोरगा वसंताच्या पहिल्या दिवशी जन्मला, आई त्याला लाडाने तसं म्हणायची, वगैरे. गोड आहे, पण मागाहून चिकटवलेलं आहे. तेव्हाचा तरुण चित्रकार जेरी रॉबिन्सन सांगायचा की नाव रॉबिन हूडवरून आलं. लहानपणी त्याच्याकडे एन. सी. वाएथच्या चित्रांचं रॉबिन हूडचं पुस्तक होतं आणि पोशाखही त्याने त्याच चित्रांच्या आठवणीतून काढला. काहींना त्यात रॉबिन्सनचं आडनाव दिसतं, तर काहींना १९३८ चा एरॉल फ्लिनचा रंगीत चित्रपट. मी रॉबिन्सनच्या बाजूने आहे. पुरावा पोशाखातच आहे: दोऱ्यांनी आवळलेला अंगरखा, टोकदार बूट. पक्ष्यावरून कपडे बेतणारा माणूस बूट असे काढणार नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे. जानेवारी १९६३, ‘सुपरमॅन’चा १५८ वा अंक, लेखक एडमंड हॅमिल्टन, चित्रकार कर्ट स्वान. सुपरमॅनच्या मूळ ग्रहावरचं, क्रिप्टनवरचं, कँडोर हे शहर खलनायकाने आक्रसून बाटलीत कोंडलेलं. सुपरमॅन आणि त्याचा पत्रकार मित्र जिमी ओल्सन त्या बाटलीत उतरतात. आत सुपरमॅनच्या शक्ती चालत नाहीत, वर लोक त्याच्यावरच उलटलेले. उडता येत नाही, गोळ्या झेलता येत नाहीत. मग करायचं काय? जे त्याचा बिनशक्तीचा मित्र बॅटमॅन नेहमी करतो तेच: मुखवटा, गुप्त अड्डा आणि सोबतीला एक पोरगा. दोघं क्रिप्टनच्या दोन पक्ष्यांची नावं घेतात. सुपरमॅन नाइटविंग, जिमी फ्लेमबर्ड. पक्ष्यावरून नाव पडण्याचा जो मान रॉबिनला ओढूनताणून दिला गेला, तो इथे खराखुरा आहे.

१९७० च्या दशकात हुबेहूब सुपरमॅनसारखा दिसणारा त्याचा कँडोरवासी नातलग व्हॅन-झी याने ते नाव चालवलं. तोवर डिक कॉलेजात गेला होता आणि १९८० पासून मार्व वुल्फमन व जॉर्ज पेरेझ यांच्या ‘न्यू टीन टायटन्स’ या मालिकेतल्या तरुण वीरांच्या चमूचा म्होरक्या होता. इकडे बॅटमॅनच्या संपादकांना त्यांचा लहान रॉबिन परत हवा होता. टायटन्सवाल्यांकडून तोडगा निघाला: लहान रॉबिन म्हणून जेसन टॉड घ्या आणि डिक आम्हाला राहू द्या. थोडक्यात, डिकचं वयात येणं ही दोन कार्यालयांमधली वाटणी होती. जुलै १९८४ च्या ‘टेल्स ऑफ द टीन टायटन्स’ अंक ४४ मध्ये तो नव्या पोशाखात, नव्या नावाने उभा राहिला.

काहींचं म्हणणं, हे नाव मार्टिन क्रूझ स्मिथच्या ‘नाइटविंग’ या १९७७ च्या कादंबरीवरून किंवा तिच्यावरच्या १९७९ च्या चित्रपटावरून उचललं असावं. दोन्हींत वटवाघळं आहेत, म्हणून तर्क मोहक वाटतो. पण तो टिकत नाही, कारण त्याच ४४ व्या अंकात डिक नावाचं मूळ सुपरमॅनशी जोडतो. बॅटमॅनने वाढवलेला पोरगा सुपरमॅनकडून नाव घेतो, आणि सुपरमॅनने ते बॅटमॅनकडे बघून घेतलेलं! या फेऱ्याची जाणीव वुल्फमनला नव्हती, हे मी मानायला तयार नाही.

डिकच्या त्या नव्या पोशाखाची उभी, उंच कॉलर मात्र डिस्कोची म्हणून हिणवली जाते. मला तिच्यात डेडमॅन दिसतो: १९६७ चा, तसलीच कॉलर मिरवणारा, झुल्यावरचा कसरतपटू. डिकही झुल्यावरच वाढलेला. पुरावा नाही, पण दोन झुलेवाले आणि दोन कॉलरी हा योगायोग मी सहज सोडणार नाही.

पुढे १९८५-८६ च्या ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या मालिकेनंतर सुपरमॅनचा इतिहास नव्याने लिहिला गेला आणि बाटलीतलं ते साहस पुसलं गेलं. नाव उरलं, उगम गेला. मग ठिगळ लावलं: सुपरमॅनने डिकला नाइटविंग नावाच्या क्रिप्टनच्या जुन्या दंतकथेतल्या वीराची गोष्ट सांगितली म्हणे. हे ठिगळ मला भावत नाही. सुपरमॅनला शक्तीविना चोरासारखं लपून वावरावं लागलं, ही त्या नावातली खरी मजा होती. दंतकथेने तिचा बळी दिला.

१९९६ मध्ये नाइटविंगला स्वतःचं मासिक मिळालं आणि २००९ पर्यंत त्याचे १५३ अंक निघाले. ते वाचाच, पण जुने सुपरमॅन कुठे चाळायला मिळाले, तर १५८ वा अंक त्याआधी काढा.