बसच्या काचेतून दिसणारं गाव

जानेवारी २००६. अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स शहर पाण्याखाली गेल्याला जेमतेम चार महिने झालेत. निम्म्याहून जास्त लोक अजून परगावी, कोणी नातेवाइकांकडे, कोणी सरकारी ट्रेलरमध्ये. आणि शहरातून एक टुरिस्ट बस निघते. तिकीट ३५ डॉलर, त्यातले ३ डॉलर मदतकार्याला. तीनेक तासांची सहल. बघायचं काय? तर फुटलेले बांध, भिंतीवर पाणी किती चढलं होतं त्याच्या मळकट रेषा आणि लोकांची ओस पडलेली घरं.

वाचूनच राग येतो ना? मलाही आला होता. पण जरा थांबा, दुसरी बाजूही ऐकू. हे शहर जगतंच पर्यटनावर. बसवरचे गाइड स्थानिक, त्यांच्यातल्या काहींची स्वतःची घरं बुडालेली. त्यांचं म्हणणं असं, की टीव्हीवर दोन मिनिटं बघून लोक विसरतात, प्रत्यक्ष आणून दाखवलं तर नुकसान केवढं आहे ते कळेल. यात तथ्य होतंच. उरलेल्या देशाला ‘आता सगळं सुरळीत झालं असेल’ असं वाटायला वेळ लागत नाही.

मग बिनसलं कुठे? त्यासाठी लोअर नाइन्थ वॉर्ड या वस्तीत जावं लागेल.

हा शहराचा पूर्वेकडचा भाग. १९२३ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या इंडस्ट्रियल कॅनॉलने तो बाकीच्या शहरापासून तोडला. इथे राहणारे बहुतेक कृष्णवर्णीय कामगार. गरीब वस्ती म्हणून तिचं नाव, पण एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. इथे स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्यांचं प्रमाण शहराच्या सरासरीपेक्षा जास्त होतं. छोटा प्लॉट घ्यायचा, जमेल तसं घर उभं करायचं, मग ते मुलांना, नातवंडांना द्यायचं.

२९ ऑगस्ट २००५ ला कॅटरिना वादळ आलं, कॅनॉलची भिंत फुटली आणि पाण्याच्या लोंढ्याने घरं पायासकट उचलून नेली. शहराचा सुमारे ८० टक्के भाग बुडाला. वादळ निसर्गाचं, पण बांध माणसांनी बांधलेले. ते बांधणाऱ्या लष्कराच्या इंजिनिअर खात्याने २००६ मध्ये स्वतःच्या अहवालात रचनेतले दोष कबूल केले. म्हणजे ‘वादळाने शहर बुडवलं’ हे अर्धंच खरं. आता सांगा, ‘वादळाची सहल’ अशी पाटी लावलेल्या बसमध्ये या अर्ध्या गोष्टीला किती वेळ मिळणार?

आणि पाणी इथे पहिल्यांदा शिरलं नव्हतं. १९६५ च्या बेट्सी वादळातही ही वस्ती बुडाली होती. तेव्हा लोक म्हणायचे, बांध मुद्दाम फोडला. तसा पुरावा नाही. पण लोकांना तसं वाटायला कारण होतं. १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरात न्यू ऑर्लिन्स वाचवायचं म्हणून शहराच्या खालच्या अंगाचा बांध सरकारच्या परवानगीने खरोखर सुरुंग लावून उडवला होता. खालच्या भागातल्या लोकांची घरंदारं गेली आणि कबूल केलेली भरपाई बहुतेकांच्या हाती नीट पडलीच नाही. अशी आठवण तीन पिढ्या पुरते.

कॅटरिनानंतर पुढचा अंक कागदपत्रांचा. घर बांधायला मदत देणारी ‘रोड होम’ नावाची सरकारी योजना आली. नियम असा : घराची वादळाआधीची बाजारभावाने किंमत किंवा दुरुस्तीचा खर्च, यातली जी रक्कम कमी, तिच्यावर मदत ठरणार. सिमेंट, लाकूड, मजुरी सगळ्या शहरात सारखीच महाग, पण कृष्णवर्णीयांच्या वस्तीत घराचा बाजारभाव कमी. म्हणजे तेवढ्याच पडझडीला पैसे कमी. त्यात घरं आजीकडून नातवाकडे तोंडी आलेली, नावावर काही नाही. सातबारावर अजून आजोबाच, हे दुखणं आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. २००८ मध्ये या नियमाविरुद्ध खटला झाला, २०११ मध्ये तडजोड झाली. तोवर अनेकांनी नाद सोडला होता. २००० साली या वस्तीत सुमारे १४ हजार लोक होते, २०१० च्या जनगणनेत ३ हजारही भरले नाहीत.

आता टुरिस्ट बसकडे परत या. वादळानंतर कित्येक महिने या वस्तीतल्या लोकांना ‘बघा आणि निघा’ असा आदेश होता. दिवसा यायचं, आपलंच घर बघायचं, अंधार पडायच्या आत परत. घरमालकाचीही डे ट्रिपच! आणि पुढे लोक हळूहळू राहायला आले, तेव्हा दाराशी कॅमेरे. दारांवर शोधपथकांनी स्प्रेने फुल्या मारल्या होत्या. फुलीच्या वरच्या घरात तारीख, खालच्या घरात आत किती माणसं सापडली, जिवंत किंवा मेलेली. कोणाच्या तरी आईचा तो आकडा, आणि तो फोटोत छान येतो म्हणून बसचा वेग कमी व्हायचा.

शहराने २००६ मध्येच टुरिस्ट बसना कॅनॉल ओलांडून या वस्तीत यायला बंदी केली होती. बंदी कागदावर राहिली, गाड्या येतच राहिल्या. अखेर रहिवाशांच्या तक्रारींनंतर २०१२ च्या सुमारास अंमलबजावणी सुरू झाली. लोकांचं म्हणणं साधं होतं : गाड्या येतात, बघतात, निघून जातात, इथे एक डॉलरही पडत नाही.

मग असं बघायला जाणंच वाईट का? मला तसं वाटत नाही. जपानचं उदाहरण घ्या. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत इशिनोमाकीच्या ओकावा प्राथमिक शाळेतली ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले. शाळेमागे टेकडी होती. मुलं पाऊण तासाहून जास्त वेळ मैदानात उभी होती. पालकांनी खटला लढवला आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत जिंकला. आज त्या पडक्या शाळेपाशी येणाऱ्यांना माहिती सांगतात ते त्याच मुलांचे आईबाप. टेकडी दाखवतात, किती पावलं होती ते सांगतात. अशा सांगणाऱ्यांना तिथे ‘कातारिबे’ म्हणतात. ऐकणारा तिथून निघतो तो स्वतःच्या मुलाच्या शाळेचा विचार करतच.

लोअर नाइन्थ वॉर्डमध्येही पुढे हे घडलं. १९६० मध्ये तिथल्या फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या शाळेत तीन कृष्णवर्णीय मुली पहिल्यांदा शिरल्या होत्या, पोलिसांच्या पहाऱ्यात, बाहेर ओरडणाऱ्या जमावातून. त्यांतल्याच एक, लिओना टेट यांच्या पुढाकाराने ती पुरात बुडालेली इमारत वाचली आणि २०२२ मध्ये स्मृतिकेंद्र म्हणून उघडली. तिथली गोष्ट २००५ च्या कितीतरी आधी सुरू होते.

माझ्या मते खरा फरक इथे आहे. माइक कोणाच्या हातात, पैसे कोणाच्या खिशात आणि गोष्ट कोणत्या तारखेपासून सुरू होते.

आता आपल्या घरात डोकावू. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले होते. लातूर-उस्मानाबादमध्ये सुमारे ८ हजार माणसं गेली. पहिल्या काही दिवसांत तिथे बघ्यांची झुंबड उडाली होती. ‘किल्लारी बघून आलो’ हे वाक्य तेव्हा किती सहज बोललं गेलं! पण आदल्या वर्षी, १९९२ मध्येच किल्लारीत धक्के बसत होते, लोक घाबरले होते, हे किती जणांना आठवतं? जाड दगडी भिंती आणि मातीचं जड माळवद अंगावर कसं आलं, ५२ गावं उठून चौकोनी आखणीच्या नव्या वसाहतीत गेल्यावर वाडा, गल्ली, शेजार यांचं काय झालं, हे बघून आलेल्यांपैकी कोणी विचारलं?

तेव्हा तिशीत असलेली माणसं आता साठी ओलांडून गेलीत. जुन्या गावाच्या जागेवर उभं राहून ‘इथे आमचा उंबरा होता’ असं सांगणारी माणसं दरवर्षी कमी होत चाललीत.

किल्लारी, सास्तूर भागातलं कोणी वाचत असेल तर खाली लिहा. घरातल्या मोठ्यांना विचारून लिहा. आम्ही या वेळी बघायला नाही, ऐकायला येतो.