शिंदे घाटाचा पाया

काशीतील मराठी वास्तूंची यादी करताना अहल्याबाईंचे विश्वनाथ मंदिर आणि नागपूरकरांचा भोसले घाट यांच्याबरोबर मणिकर्णिकेशेजारच्या शिंदे घाटाचे नाव येतेच. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणांस त्याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मात्र या घाटाचा इतिहास वैभवाबरोबरच पायाचाही आहे आणि प्रशासकाने तो त्या दृष्टीने वाचावयास हवा.

कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या बायजाबाई शिंदे यांनी दौलतराव शिंद्यांच्या निधनानंतर (१८२७) ग्वाल्हेरचा कारभार हाती घेतला. १८२८ मध्ये त्यांनी ज्ञानवापीच्या विहिरीवर स्तंभमंडप उभारला आणि १८३० च्या सुमारास हा घाट बांधविला. घाट इतका प्रचंड होता की तो स्वतःच्याच भाराने खचला. दगडांना तडे गेले, मोठा भाग नदीत कलला. काठावरचे रत्नेश्वर मंदिर आजही तिरपे उभे आहे. मातेचे ऋण फेडल्याची फुशारकी मारणाऱ्या पुत्राला मिळालेला शाप, असे त्याचे कारण लोककथा सांगते. भूस्तराचे कारण अधिक साधे आहे.

काशीच्या घाटांचा दगड मुख्यतः चुनारचा. तो विंध्य थरमालेतील वालुकाश्म होय. शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी उथळ समुद्रात वाळू व चिखल आलटूनपालटून साचले. वाळूचा वालुकाश्म झाला आणि चिखलाचा पापुद्री शेल. अशोकाचा सारनाथचा स्तंभ याच चुनारी दगडाचा असून तो दगड दोन सहस्रकांहून अधिक काळ टिकला आहे. तेव्हा दोष दगडाचा नव्हता. घाटाखाली मात्र असा खडक नाही. तेथे गंगेने आणलेला गाळ, चिकणमाती व कंकर आहे. वळणाच्या बाहेरच्या बाजूस प्रवाह काठाचा तळ कोरतो. पूर चढला की माती पाण्याने फुगते आणि तो ओसरताच तिचा बाहेरचा आधार जातो. १९७८ च्या महापुरात येथील पातळी ७३.९०१ मीटरपर्यंत गेली होती. अशा मातीवर जितका भव्य दगड रचावा, तितका धोका वाढतो.

याउलट उदाहरण मुंबईच्या समुद्रात आहे. तेथे सागरतळाखाली, दख्खनच्या काळ्या पाषाणावर, ‘पन्ना’ नावाची शेल व वालुकाश्म यांची थरमाला आहे. त्या शेलमध्ये निर्माण झालेले तेल मुख्यतः वरच्या चुनखडीत साठले. १९६० च्या दशकात लहरींच्या साहाय्याने तळाखालचे थर आधी तपासले गेले. १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ने मुंबई हाय येथे तेल शोधले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीवर आधी खर्च झाला, म्हणून पुढचा खर्च फळास आला.

बायजाबाईंना दोष देणे अन्यायाचे ठरेल. त्यांच्या काळी मृदाविज्ञान अस्तित्वातच नव्हते. आपणांस मात्र ती सबब नाही. अंदाजपत्रकात उद्घाटनाचा दगड दिसतो. मातीची तपासणी, पायाची देखभाल आणि दर पावसाळ्यानंतरची पाहणी या बाबी ‘अनुत्पादक’ म्हणून प्रथम कापल्या जातात. अर्थशास्त्राच्या भाषेत, आज वाचविलेला हा पैसा पुढच्या पिढीच्या नावे घेतलेले कर्जच असते.

शिंदे घाटाचे कर्ज फेडण्यास शंभर वर्षे लागली. १९३७ च्या सुमारास ग्वाल्हेर संस्थानाने त्याची पुनर्बांधणी केली, ती हाती सत्ता व खजिना होता म्हणून. दहा वर्षांनी संस्थानांचे युग संपले. आज आपण जे पूल, धरणे आणि बंदरे बांधीत आहोत, त्यांच्यासाठी शंभर वर्षांनी असा धनी भेटेलच, याची हमी कोण देणार? म्हणून मंजुरीची सही करण्यापूर्वी नकाशातील इमारतीइतकेच तिच्याखालील मातीचे टिपणही वाचले पाहिजे.