घरातील मौनाचा इतिहास

वयात येणाऱ्या मुलांशी आईबापांनी कामविषयक गोष्टी बोलू नयेत, हा आपला सनातन शिष्टाचार होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इतिहास मात्र या समजुतीस दुजोरा देत नाही.

मुलगी प्रथम ऋतुमती झाली म्हणजे तिला मखरात बसवावयाचे, ओट्या भरावयाच्या, साखर वाटावयाची आणि मग गर्भाधानाचा मुहूर्त पाहावयाचा, ही रीत आपल्याकडील अनेक घरांत एके काळी उघडपणे चालत असे. ज्या गोष्टीचा आज घरात उच्चार होत नाही, तिची वार्ता तेव्हा साऱ्या आळीस कळे. परंतु वार्ता कळणे निराळे आणि ज्ञान होणे निराळे. मखरातल्या पोरीस आपल्या देहात काय घडले, हे क्वचितच कोणी समजावून सांगत असेल. लग्न आधीच झालेले असे. तेव्हा ती जबाबदारी आईबापांवर येतच नसे.

ही स्थिती हळूहळू पालटली. १८९१ च्या कायद्याने संमतिवय १० वरून १२ वर नेले. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरविले. १९७८ साली ते १८ झाले. पहिले दोन कायदे ब्रिटिश मुलखापुरते होते. उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा, १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. बार्शीहून धाराशिवास जाणारा मनुष्य एका राज्याची हद्द ओलांडी आणि तिच्याबरोबर हे कायदेही मागे टाकी. पुढे लग्नाचे वय वाढले, तसा ऋतुप्राप्ती आणि विवाह यांमध्ये काही वर्षांचा अवकाश निर्माण झाला. मखर गेले, त्याच्या जागी संभाषण मात्र आले नाही.

ही उणीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ओळखली. पित्याने १८९३ साली विधवेशी विवाह करून समाजाचा रोष पत्करला होता. पुत्राने १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडून आणि १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून तो नव्याने ओढवून घेतला. घरी विचारता न येणारे प्रश्न वाचक त्यांस लिहून विचारीत. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांजवर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी कर्व्यांस दंड झालाच. २००७ साली याच महाराष्ट्रात शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम विरोधामुळे थांबविण्यात आला. घराने शाळेकडे बोट दाखवावे, शाळेने घराकडे, असा हा व्यवहार आहे.

त्याची किंमत मुले देतात. ऊसतोडीस जाणाऱ्या मराठवाड्यातील आईबापांपुढे, वयात आलेल्या लेकीस कोणाच्या भरवशावर ठेवावे, हा खरा प्रश्न असतो. २००६ चा बालविवाहबंदीचा कायदा असतानाही काही घरे तिचे लग्न उरकून तो सोडवितात. त्या भीतीच्या मुळाशी गरिबी आहे, हे आम्ही जाणतो. निव्वळ उपदेशाने ती टळणार नाही. परंतु जिला आपल्या देहाविषयी काही सांगितलेले नाही, तिला नकार कसा द्यावा हे तरी कोण शिकविणार? सुस्थितीतील घरांस तर गरिबीची सबबही नाही. आपल्या पूर्वजांनी या विषयाचा निदान सोहळा केला. आपण त्याविषयी दोन सरळ वाक्ये बोललो, तरी त्यांच्या पुढे एक पाऊल टाकिले असे होईल.